आणि तू, जनावरा? एका सबटायटलचं प्रकरण

एका इंग्रजी मालिकेच्या मराठी सबटायटलांची फाईल शेवटच्या तपासणीसाठी माझ्याकडे आली होती. लंडनमधल्या वकिलांच्या फर्मची गोष्ट आहे. भागीदारांची बैठक चालू आहे, ज्येष्ठ भागीदाराला पायउतार करण्याचा ठराव मताला टाकलाय आणि एकेक हात वर जातोय. शेवटी त्याचा सगळ्यात जुना दोस्तही हात वर करतो. म्हातारा चष्मा काढतो, जरासा हसतो आणि म्हणतो, "एट टू, ब्रूटे?" खाली मराठीत अक्षरं उमटतात:

[फ्रेंचमध्ये] आणि तू, जनावरा?

हसू येण्यासारखंच होतं ते, कारण ही ओळ लॅटिन आहे: शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलियस सीझर मरताना मित्राला म्हणतो, 'तूसुद्धा, ब्रूटस?' पण फाईल दोघांच्या हाताखालून गेलेली होती. ओळीपुढे हिरवी खूण होती आणि शेजारी शेरा: 'भाषा तपासली, ठीक.' म्हणजे नजरचुकीने काही राहून गेलं होतं असं नाही. कुणाला तरी शंका आली होती, त्याने खात्री करून घेतली होती आणि त्यानंतरही जनावर जागच्या जागी राहिलं होतं. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्या हिरव्या खुणेमुळे. ओळ दुरुस्त करायला काय, मिनिटभरही लागलं नसतं.

आधी फाईल कशी फिरते ते सांगतो. मूळ इंग्रजी संवाद कुणीतरी ऐकून टाइप करतं, त्यांना टाइमकोड, म्हणजे ओळ पडद्यावर कधी दिसायची त्या वेळा, लागतात. कोण बोलतंय, कुठल्या भाषेत बोलतंय, मागे दार आपटलं की फोन वाजला, असली माहिती चौकटी कंसात घालतात. याला आम्ही टेम्प्लेट म्हणतो. हीच टेम्प्लेट मग हिंदी, मराठी, तमिळ अशी सगळीकडे जाते. मराठी अनुवादक तिच्यावर काम करतो, पहिला तपासनीस बघतो, मग मी. सगळ्यांच्या समोर व्हिडिओ असतो, पण दिवसाकाठी शेकडो ओळी उरकायच्या असतात. कान हळूहळू मागे पडतात आणि डोळेच सगळं काम करायला लागतात.

टेम्प्लेट उघडून बघितली. त्यात ही ओळ रोमन लिपीत बरोबर लिहिलेली होती, फक्त 'ब्रूटे'च्या शेवटच्या ई या अक्षरावर उजवीकडे कललेली एक छोटी रेघ होती. आणि कंसात: फ्रेंचमध्ये.

त्या रेघेवरून पुढचा अंदाज बांधता येतो. मूळ टाइप करणाऱ्याला शेवटी 'टे' स्वच्छ ऐकू आलं असणार. रोमन लिपीत हा शब्द नुसता लिहिला तर इंग्रजी वाचणारा माणूस त्याला 'ब्रूट' वाचतो, शेवटचा ई गिळून टाकतो. तो गिळला जाऊ नये म्हणून रेघ दिली, जशी 'कॅफे'वर देतात. हेतू भलाच होता. पण ई वर रेघ दिसली की जगभर सगळ्यांना एकच भाषा आठवते. कंसातली खूण त्याच माणसाने घातली, की त्याच्यानंतर फाईल बघणाऱ्याने, हे कळायला मार्ग नाही. रेघ नसती तर ती बहुधा पडलीच नसती.

गंमत म्हणजे ही रेघ नवीन नाही. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ मध्ये छापलेला जो मोठा संग्रह आहे, त्यात सीझरच्या या उद्गारातही शेवटच्या ई वर रेघ आहे, फक्त ती डावीकडे कललेली. त्या काळी लॅटिन मजकूर छापताना उच्चाराच्या सोयीसाठी अशा रेघा सर्रास द्यायचे. लंडनच्या छापखान्याने चारशे वर्षांपूर्वी केलेली सोय आणि आमच्या टेम्प्लेटवाल्याने केलेली सोय, दोन्हींचं कारण एकच: वाचणाऱ्याने शेवटचा स्वर खाऊ नये.

आता मराठीकडे. अनुवादक मुलीला फोन केला. चांगलं काम करते, म्हणून आधीच सांगितलं की रागवायला फोन केलेला नाही. तरी ती गडबडलीच.

"सर, मी असंच नाही हो ठोकून दिलं. टेम्प्लेटमध्ये फ्रेंच लिहिलं होतं. तरी ॲपमध्ये टाकून बघितलं, त्यानेही फ्रेंचच सांगितलं. मग शब्दकोशात शेवटचा शब्द काढला. ब्रूट म्हणजे जनावर, रानटी माणूस. आणि तो म्हातारा चिडलेलाच आहे ना त्या सीनमध्ये?"

तिच्या जागी बसून बघितलं तर तिच्याकडे पुरावे काही कमी नव्हते. टेम्प्लेट फ्रेंच म्हणतेय, ॲप फ्रेंच म्हणतंय, कोशात शब्द सापडतोय, आणि प्रसंगाशी अर्थही जुळतोय. ॲपचं म्हणाल तर तीन शब्दांच्या तुकड्यावरून भाषा ओळखणं हे त्याचं दुबळं अंगच आहे. त्यातून यातले पहिले दोन शब्द फ्रेंचमध्ये जसेच्या तसे आहेत, आणि तिसरा रेघ काढली की फ्रेंचमध्येही आहे आणि इंग्रजीतही. त्याने दुसरं काय सांगावं? शिवाय 'तू' हा शब्द लॅटिनमध्ये आहे, फ्रेंचमध्ये आहे आणि आपल्या मराठीतही आहे, घराणं एकच. मराठी कानाला तो कुठेच परका वाटत नाही, म्हणून संशयही येत नाही.

मग तपासनीस. हिरवी खूण तिची. अकरावी-बारावीला तिने फ्रेंच घेतलं होतं, आपल्याकडे स्कोअरिंग म्हणून घेतात तसं. पुढे हौसेने एक-दोन परीक्षाही दिल्या. तिचं म्हणणं सरळ होतं: पहिल्या शब्दाचा अर्थ 'आणि', दुसऱ्याचा 'तू', दोन्ही फ्रेंच, वाक्य बरोबर. तिला फ्रेंच येत नसतं तर तिने ही ओळ कदाचित पुढे विचारली असती. येत होतं म्हणून विचारली नाही.

मी तिला एवढंच म्हणालो, "पहिला धडा आठव. कशी आहेस विचारल्यावर समोरची काय म्हणते?"

"सा व्हा. ए त्वा?" आणि मग फोनवर जरा शांतता. "अरे हो. त्वा."

सगळी मेख इथे आहे. फ्रेंचमधला 'तू' एकटा उभा राहू शकत नाही, त्याला लगेच क्रियापद लागतं. 'तू जातोस', 'तू खातोस' म्हणताना तो चालतो. पण नुसतं 'आणि तू?' म्हणायचं असेल तर फ्रेंच माणूस 'त्वा' म्हणतो. 'ए तू' असं अर्धवट तोडलेलं वाक्य फ्रेंच मुलाच्याही तोंडून येणार नाही. मराठीत असा भेद नाही. 'तू जातोस' मधला तू आणि 'आणि तू?' मधला तू एकच. इंग्रजीतही नाही. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी या दोन भाषांत वावरणाऱ्या माणसाला ते वाक्य खटकत नाही, शब्द ओळखीचे असले की झालं. तिने प्रत्येक शब्द तपासला होता आणि प्रत्येक शब्द खरोखरच फ्रेंचमध्ये होता.

दुसरा पुरावा कानाचा. आमच्या तिघांपुढे व्हिडिओ होता आणि त्यात नट चार अवयव, म्हणजे उच्चाराचे चार तुकडे, उच्चारतोय: एट, टू, ब्रू, टे. फ्रेंच 'ब्रूट'मध्ये शेवटचा ई मुका असतो, आणि फ्रेंच 'ए'मध्ये टी मुका. ओळ फ्रेंच असती तर 'ए त्यू ब्र्यूत' असं तीन अवयवांत आटोपली असती. पहिल्याच शब्दातला ठसठशीत 'ट' ऐकला असता तरी पुरे होतं.

तिसरा पुरावा क्लायंटसाठी शोधावा लागला. टेम्प्लेट त्यांची, आणि व्याकरणाच्या गप्पा ऐकायला तिथल्या माणसाला वेळ नव्हता. तेव्हा त्याच भागाची फ्रेंच सबटायटल फाईल मागवली. साधा हिशेब: ओळ फ्रेंच असेल तर फ्रेंच फाईलमध्ये ती आहे तशीच राहील. तिथे होतं, 'त्वा ओसी, ब्रुट्युस?' म्हणजे फ्रेंच अनुवादकाने तिचं फ्रेंच भाषांतर केलं होतं. ही एक ओळ पाठवल्यावर पुढे कुणी वाद घातला नाही.

फ्रान्समध्ये हा उद्गार अशा रूपात फारसा कुणाला पाठही नाही. तिथल्या शाळकरी पिढ्या वेगळं लॅटिन वाक्य घोकत आल्या: 'तू क्वोक्वे, फिली मी', तूसुद्धा, माझ्या मुला. अठराव्या शतकात लोमों नावाच्या एका धर्मगुरू-मास्तरांनी मुलांसाठी रोमन थोर पुरुषांवर सोप्या लॅटिनमध्ये पाठ्यपुस्तक लिहिलं, ते तिथे शे-दीडशे वर्षं चाललं. हे रूप त्यातून मुरलेलं. आपण ज्या तीन शब्दांना फ्रेंच समजत होतो ते प्रत्यक्षात इंग्रजांच्या रंगभूमीचे. १५९५ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या एका ऐतिहासिक नाटकातही हेच शब्द आहेत. शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' १५९९ च्या सुमाराचं, म्हणजे त्याने प्रेक्षकांना आधीच माहीत असलेलं वाक्य उचललं. त्याचा सीझर संबंध नाटकभर इंग्रजी बोलतो, मरताना तेवढे तीन शब्द लॅटिन बोलतो आणि त्याच ओळीत परत इंग्रजीवर येतो. रोममधल्या रोमन माणसाने स्वतःची भाषा पाहुण्यासारखी वापरावी, हे मला नेहमीच मजेशीर वाटत आलंय.

खरा सीझर काय म्हणाला? इसवी सनापूर्वी ४४, मार्चची १५ तारीख, पाँपी या सेनापतीने बांधलेल्या सभागृहात त्याच्यावर २३ वार झाले. रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो की पहिल्या वाराला तो फक्त कण्हला, बोलला काहीच नाही. पण काहींच्या मते मार्कस ब्रूटस अंगावर आला तेव्हा तो म्हणाला, 'काइ सू, तेक्नॉन?' तूसुद्धा, बाळा? हे ग्रीक आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, ब्रूटसच्या हातात शस्त्र दिसल्यावर सीझरने टोगा, म्हणजे अंगावरचं रोमन वस्त्र, डोक्यावर ओढून घेतला. प्लुटार्कचाच आणखी एक तपशील आमच्या धंद्यातल्या माणसाला फार आवडेल. पहिला वार कास्काने केला. सीझर त्याच्यावर लॅटिनमध्ये ओरडला आणि कास्काने घाबरून भावाला हाक मारली ती ग्रीकमध्ये. म्हणजे त्या खोलीतली शिकलेली माणसं आपल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींसारखी दोन भाषांत ये-जा करणारी होती. त्या प्रसंगाची टेम्प्लेट बनवायची तर प्रत्येक ओळीला भाषेची खूण द्यावी लागेल, आणि 'फ्रेंचमध्ये' त्यात कुठेच नसेल. फ्रेंच भाषा तेव्हा जन्मालाच यायची होती.

परत जनावराकडे. शब्द मुळात 'ब्रूटस' असेल तर तो 'ब्रूते' कसा झाला? अनुवादक मुलीने हेच विचारलं. शाळेत संस्कृत होतं का, विचारलं तर म्हणाली, "होतं ना, शंभर मार्कांचं." मग काम सोपं झालं. देव चालवताना प्रथमेला 'देवः' आणि संबोधनाला 'हे देव'. शेवटचा विसर्ग जातो. लॅटिनमध्ये तोच प्रकार: कर्ता असेल तेव्हा ब्रूटुस, हाक मारताना ब्रूते. तिथला 'उस' आणि आपला विसर्ग ही एकाच जुन्या प्रत्ययाची दोन रूपं आहेत, आणि संबोधनाचा नियमही दोन्हीकडे एकाच घरातून आलाय. तिने स्वतः 'जनावर' न लिहिता 'जनावरा' लिहिलं होतं. हाक आहे हे तिला नेमकं कळलं होतं आणि मराठीत तिने संबोधन चोख केलं होतं. मूळ शब्दही संबोधनातच उभा आहे, एवढंच दिसलं नाही.

'आणि तू' हेही फ्रेंच समजुतीचंच पोर. फ्रेंच 'ए' म्हणजे आणि, बस. लॅटिन 'एत' म्हणजे आणि, पण 'सुद्धा'ही. इथे 'सुद्धा' हवा. तो नसेल तर वाक्यातली वेदनाच जाते: बाकीच्यांनी हात वर केले ते ठीक, पण तूसुद्धा?

आता ओळ काय ठेवायची यावर थोडी चर्चा झाली. एका सहकाऱ्याचा आग्रह होता की मूळ लॅटिन देवनागरीत तसंच ठेवावं, 'एत तू, ब्रूते?' आणि कंसात 'लॅटिनमध्ये'. मला ते पटलं नाही. मराठी वाचकाला 'ब्रूटस' माहीत आहे, 'ब्रूते' नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या राजकीय मथळ्यांपासून कट्ट्यावर कुणी डाएट मोडलं तर त्याला टोमणा मारण्यापर्यंत, 'यू टू ब्रूटस' आणि 'तूसुद्धा, ब्रूटस?' दोन्ही रुळलेले आहेत. कंसातली खूणही नको होती. म्हातारा लॅटिन बोलतच नाहीये. तो एक इंग्रज वकील आहे, शाळेत शेक्सपिअर पाठ केलेला, आणि मित्राला नाटकातलं वाक्य ऐकवतोय. भाषेची खूण द्यायची ती प्रेक्षकाला काही तरी परकं ऐकू येतंय हे कळावं म्हणून. इथे परकं काहीच नाही.

'घरचा भेदी' असं काहीतरी अस्सल मराठी करावं, अशीही सूचना आली. वाईट नव्हती. पण त्या म्हाताऱ्याचं हसू सोडून चालणार नव्हतं. तो चिडलेला नाही, हरताना ऐट मिरवतोय. 'घरचा भेदी'त ऐट नाही, नुसता आरोप आहे. शेवटी राहिलं: तूसुद्धा, ब्रूटस?

डबिंगला मात्र हे जमेना. नटाचे ओठ चार अवयवांपुरते हलतात आणि 'तूसुद्धा, ब्रूटस'मध्ये पाच होतात. डबिंग दिग्दर्शकाने दोनदा लावून बघितलं, 'सुद्धा'मधलं जोडाक्षर प्रत्येक वेळी मिटलेल्या ओठांवर पडत होतं. मग 'तूही, ब्रूटस?' केलं, ते नेमकं बसलं. त्यामुळे ऐकायला 'तूही' येतं आणि वाचायला 'तूसुद्धा'. असा फरक आमच्याकडे चालतो.

या निमित्ताने त्या मालिकेच्या उरलेल्या भागांत भाषेच्या खुणा शोधल्या. वकिलांची मालिका, त्यामुळे पीक भरपूर. 'पर से'वर कुणीतरी ई ला रेघ देऊन त्याला फ्रेंच केलं होतं, तेही लॅटिनच. उलट 'फोर्स मेज्योर' हे करारातलं आवाक्याबाहेरच्या संकटाचं कलम खरं फ्रेंच, त्याला लॅटिनची खूण होती. २०२० च्या टाळेबंदीत हा शब्द आपल्याकडे भाडेकरार आणि हॉलच्या बुकिंगपर्यंत पोचला होता, तेव्हाही अनेकांनी त्याला लॅटिनच म्हटलं. कोर्टात ऐकू आलं की लॅटिन आणि जेवणाच्या टेबलावर ऐकू आलं की फ्रेंच, अशी काहीशी ढोबळ वाटणी लोकांच्या डोक्यात असावी. मराठीत रुजलेल्या लॅटिनला असा त्रास होत नाही, कारण त्याला कुणी परकं समजतच नाही. शाळेच्या ऑफिसात 'बोनाफाईड' मागणारा मुलगा कुठल्या भाषेत बोलतोय याचा विचार करत नाही, आणि बातम्यांतला 'सुमोटो' तर आता नावावरून जपानीच वाटतो.

कामाच्या बाजूने बदल एकच केला. भाषेची खूण असलेली ओळ आता वाचून मंजूर होत नाही. ती आवाज लावून ऐकायची, आणि त्या भाषेतली सबटायटल फाईल उपलब्ध असेल तर तिथे तीच ओळ कशी दिलीय ते बघायचं. याला वेळ जातो आणि त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून अनुवादकांची कुरकुर चालू आहे. ती रास्त आहे. दर ठरवणाऱ्यांपर्यंत पोचवली आहे.

मराठी फाईल त्याच आठवड्यात सुधारून गेली. टेम्प्लेटला हात लावायचा अधिकार आम्हाला नाही, तिथे दुरुस्तीची विनंती टाकलीय आणि ती 'प्रलंबित' दिसतेय. हिंदीवाल्या मित्राला विचारलं, तुमच्याकडे काय आहे? त्याने स्क्रीनचा फोटोच पाठवला: '[फ्रेंच में] और तुम, जानवर?' त्याला फ्रेंच फाईलमधली ती ओळ पाठवून दिली.